रफला होईल

महाल, नागपूर
१८ जून १९७०

चि. सौ. गोपिका हिस शोभाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. सत्यवती मॅट्रिक झाली, तीही सेकंड क्लासमध्ये, हे वाचून आनंद झाला. आमच्या घराण्यात डोके आहेच. तिला पुढे कॉलेजात शिकवायचे म्हणून तू होस्टेलची चौकशी करायला लिहिलेस, ते मात्र वाचून मी कपाळावर हात मारला. सख्खी आत्या महालात राहत असताना पोरीने होस्टेलात राहायचे? लोक मला काय म्हणतील? सत्या आमच्याकडेच राहील. आमचा गोपाळ भिलाईला नोकरीला गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. ह्यांना विचारले, तर हे म्हणाले, "राहू दे." ऑफिसात दिवसभर बोलावे लागते, म्हणून घरी हे इतकेच बोलतात.

येताना तिच्याबरोबर दोन बाहेरच्या साड्या दे आणि चार रफ. रफ म्हणजे काय ते तुला कळणार नाही म्हणून सांगते. शहरात चांगली वस्तू रोज वापरून कोणी खराब करीत नाही. पाहुण्यांचे कप वेगळे, रोजचे रफ. नळाचे पाणी प्यायला, विहिरीचे रफ वापराला. शाळेतसुद्धा मुलांना एक फेअर वही असते आणि एक रफ. रफ वहीत काहीही खरडावे, ती कोणी तपासत नाही. एकदा ही दृष्टी आली की संसाराला कसे वळण लागते! तुमच्याकडे सगळे एकच. मागे मी आले होते तेव्हा तू ज्या पितळी पेल्यातून तहसीलदारांना पाणी दिलेस, त्याच पेल्यातून सालदार धोंडबालाही दिलेस. मी काही बोलले नाही, पण माझ्या लक्षात राहिले.

गल्लीतले मारोतराव तिकडे येत आहेत, त्यांच्याजवळ तुझ्यासाठी एक साडी पाठवते. रंग जरा उतरला आहे, पदराला एके ठिकाणी विरली आहे, पण काठ शाबूत आहे. रफला होईल.

सत्याची बोली मात्र फार रफ आहे. ती मी घासूनपुसून काढीन. मले-तुले इथे चालत नाही. माझेही सुरुवातीला तसेच होते, पण आता सांगूनसुद्धा कोणाला खरे वाटत नाही.

तुझी
शोभाताई

——

खैरगाव (नरखेड)
२ जुलै १९७०

ती. सौ. शोभाताईंच्या पायांशी गोपिकेचा नमस्कार.

हे पत्र सत्याच्याच हाती देते आहे. तिच्याबरोबर तुरीची डाळ, गूळ, लिंबाचं लोणचं आणि तुपाची बरणी आहे. तूप पाहुण्यांचं की रफ, ते तुम्हीच ठरवा. आमच्या म्हशीला त्यातला फरक कळत नाही.

साडी पोचली. तुमचे भाऊ म्हणाले, "माह्या बहिणीचं मन लय मोठं हाय." मी पदर उजेडात धरून पाहिला आणि म्हटलं, हो, आरपार दिसतं. शिवून घेतली आहे. शेतात तण निंदायला जाताना नेसते. चांगली चालली आहे, तुमच्या शब्दाबाहेर नाही.

रफचं तुम्ही नीट समजावून सांगितलंत म्हणून कळलं. देवकीनं तर तो शब्द उचललाच. काल मी तिला विहिरीवर जायला सांगितलं, तर म्हणते, "आई, मी फेअर हाय. रफवाल्या ताईले पाठव."

आता एक मागणं आहे, ते मात्र हसण्यावारी नेऊ नका. सत्याला रोज संध्याकाळी अभ्यासाला बसू द्या. घरातलं ती करीलच, आमच्या पोरी आयतं खात नाहीत. पण शोभाताई, मी तिला काम शिकायला पाठवत नाही. काम तिला येतं. मी सातवी झाले आणि पुढची शाळा लांब म्हणून माझी पाटी फडताळावर गेली, ती तिथेच राहिली. सत्यानं शिकावं, नोकरी करावी, स्वतःच्या पायावर उभं राहावं, एवढ्यासाठी उभा उन्हाळा मी तुमच्या भावाशी भांडले आहे. ते म्हणत होते, मॅट्रिक झाली, आता उजवून टाकू. आता पोरीनं मला तोंडघशी पाडू नये आणि तुम्ही तिला पाडू देऊ नये.

तुमची
गोपिका

——

महाल, नागपूर
२२ नोव्हेंबर १९७०

चि. सौ. गोपिका हिस आशीर्वाद.

संत्र्यांची पेटी पोचली. वरची छान होती, ती ह्यांच्या साहेबांकडे पाठवली. खालची सालीला रफ निघाली, ती आम्ही घरी संपवली.

सत्याचे उत्तम चालले आहे. कामाला अगदी चपळ. भांडी-धुण्याला आमच्याकडे रुखमाबाई होती, पण तिचा हात इतका रफ की कपांना कान म्हणून राहिले नाहीत. दसऱ्यापासून तिला बंद केले. सत्याला म्हटले, बाई, तुला हे आपले घर वाटले पाहिजे. तेव्हापासून सगळे तीच करते. तिला आवडते. मीच सांगते की आता पुरे, झोप, तर ही दिवा लावून पुस्तक घेऊन बसते. विजेच्या बिलाचे हे किती मनाला लावून घेतात ते तुला ठाऊक नाही. म्हणून तिला सांगितले, सकाळी लवकर उठून अंगणात वाचत जा, देवाचा उजेड फुकट आहे. झोपायला तिला मागच्या बोळात रफ बिछाना घालून दिला आहे. हवेशीर आहे. या महिन्यात जरा जास्तच हवेशीर आहे, पण तिचे तरुण वय.

सहामाहीत इंग्रजीत मार्क कमी पडले. मनाला लावून घेऊ नकोस. सहामाही म्हणजे नुसता रफ अंदाज असतो. सगळ्यांनाच शिक्षण झेपते असेही नाही.

परवा साहेबांच्या पत्नी पुष्पलताबाई आल्या होत्या. किती नाजूक बोलणे! सत्याने चहा आणला तो नेमका रफ कपात. मी डोळे मोठे केले, तर ही मलाच विचारते, "आत्या, डोळ्यात काही गेलं का?" पुष्पलताबाईंनी विचारले, ही कोण? मी म्हटले, गावाकडची मुलगी आहे, शिकायला ठेवली आहे. एकदम भाची म्हटले की मग गाव कोणते, माहेर कोणते, सगळेच निघत बसते. तू समजून घेशीलच.

तुझी
शोभाताई

——

खैरगाव
६ डिसेंबर १९७०

ती. सौ. शोभाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र तुमच्या भावाला वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बहीण माही, पोरगी तिची भाची. मधात तू काहून पडून राहिली?" मी मधात पडत नाही. मी आपली विचारते.

तुम्ही सत्याला गावाकडची मुलगी म्हणालात, ते खोटं नाही. गावाकडच्या मुली नागपुरात गेल्या की मोठ्या नाजूक होतात. आमच्या सासूबाई, म्हणजे तुमच्या आई, सांगायच्या की शोभीनं विहिरीवरून हाक मारली की नदीपलीकडची गुरं माना वर करायची. तेव्हा त्यांना रफ हा शब्द माहीत नव्हता, म्हणून त्या नुसतं कौतुकानं सांगायच्या.

रुखमाबाईला परत बोलवा. तिच्यासाठी ज्वारी मी पाठवीन. कपांना कान नसले तरी चहा पिता येतो, पण सत्याची परीक्षा मार्चात आहे.

सोबत गोधडी पाठवते. नवीन आहे, माझ्या हातची आहे, रफ नाही. ती सत्यानं पांघरायची आहे. हे मी मुद्दाम लिहिते, म्हणजे वस्तू कुठल्या कपाटात जाते याचा तुम्हाला विचार पडू नये.

तुमची
गोपिका

——

महाल, नागपूर
११ एप्रिल १९७१

ती. आईस सत्याचा नमस्कार.

परीक्षा झाली. पेपर बरे गेले. इंग्रजीचाही बरा गेला. रुखमाबाई काही परत आली नाही, पण तू पाठवलेली ज्वारी आली आणि आत्यानं ती दळून आणली. गोधडी आत्याला फार आवडली, म्हणून ती पाहुण्यांच्या पलंगावर असते. पाहुणे आले नाहीत की पलंग रिकामा आणि गोधडी त्याच्यावर. मी आपली चादर दुहेरी करून घेते. आता उन्हाळाच आला आहे, तू काळजी करू नको.

आई, या घरात प्रत्येक वस्तू दोनदा आहे. साबणाची चांगली वडी आणि रफ वडी. तांदूळ दोन. टॉवेल दोन. आत्याच्या भाषासुद्धा दोन आहेत. शेजारच्या कुसुमताई आल्या की, "सत्या, काय करते आहेस गं?" आणि त्या गेल्या की, "काय करून राहिली वं तिथं? दूध उतू गेलं ना!" मला तिची दुसरी भाषा आवडते. ती बोलताना आत्या आपल्या घरची वाटते. या घरचे धनी, भैयाजी मामा, एका शब्दाचेच आहेत, म्हणून त्यांना दोन लागत नाहीत.

मला राग येतो, आई. खूप येतो. भांडी घासताना येत नाही, ती तर मी घरीही घासत होते. आत्या शेजारीपाजारी माझ्याबद्दल "ही ना, आमच्याकडे असते" असं सांगते ना, तेव्हा येतो. पण मला परत बोलावू नको. परत आले की बाबा म्हणतील, पाहा, नाही झेपलं. आणि आत्या म्हणेल, मी लिहिलंच होतं.

एक गोष्ट बाबांना सांगू नको. टेलिफोन खात्यात मुली भरायच्या आहेत. मॅट्रिकवर घेतात. मी अर्ज केला आहे. लागले तर नोकरी करून पुढचं कॉलेजही करता येईल, सकाळचे वर्ग असतात. आत्याला सांगितलं तर ती पोट धरधरून हसली. म्हणाली, "तुहा आवाज? फोनात? समोरचा माणूस बहिरा होईन ना वं!"

तुझी
सत्या

——

महाल, नागपूर
९ ऑगस्ट १९७१

चि. सौ. गोपिका हिस आशीर्वाद.

आमच्या महालक्ष्म्या जवळ आल्या. या वर्षी थाट निराळा आहे, कारण ह्यांचे साहेब मधुकरराव सपत्नीक जेवायला येणार आहेत. पुष्पलताबाईंना पाच सवाष्णींत पहिले पान दिले आहे. ह्यांच्या बढतीचे कागद साहेबांच्याच टेबलावर आहेत, हे मी तुला घरची म्हणून सांगते.

फुलोरा, सोळा भाज्या, आंबील, वडे, पुरणपोळी, एवढा सगळा रगाडा माझ्याच्याने एकटीने होत नाही. सत्या आहे म्हणून मी निश्चिंत आहे.

तिच्या त्या टेलिफोनच्या नोकरीचे बोलावणे आले होते. मुलाखत नेमकी जेवणाच्या दिवशीच पडते. मी तिला सांगून टाकले की जायचे नाही. उगाच पोर हिरमुसली, पण मोठ्या माणसांना पुढचे दिसते. तिथे बोलायला फाइन मुली लागतात. हिला पाहूनच ते परत पाठवतील, आणि मग घराण्याचे नाव निघेल ते निघेलच. नाहीतरी तो रफ चान्स होता. खरी वेळ आली की तिच्यासाठी स्थळ मीच बघेन. ह्यांच्या ऑफिसातला एक शिपाई आहे, निर्व्यसनी.

तिने तोंड पाडून ठेवले आहे. तुझ्या पत्राने समजेल. चार ओळी लिही.

तुझी
शोभाताई

——

खैरगाव
१३ ऑगस्ट १९७१

ती. सौ. शोभाताईंना नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सत्याला चार ओळी वेगळ्या लिहिल्या आहेत. त्यात लिहिलं आहे की मुलाखतीला जा.

तुमची अडचण मला कळते. सोळा भाज्या एका माणसानं होत नाहीत. म्हणून मीच येते. आदल्या दिवशीच्या एस.टी.नं पोचेन. पुरण मी वाटीन, वडे मी थापीन, भांडीही मीच काढीन. सत्याच्या जागी मला धरा. हात माझे तिच्याहून रफ आहेत, तेव्हा तुमचं नुकसान काही नाही.

तुमच्या भावाला सांगितलं की शोभाताईंच्या महालक्ष्म्यांना जाते. ते खूश झाले. म्हणाले, नणंद-भावजयीत असं प्रेम पाहिजे.

तुमची
गोपिका

——

महाल, नागपूर
३० ऑगस्ट १९७१

चि. महादेव यास शोभाताईचे आशीर्वाद.

आजवर मी तुझ्या बायकोविरुद्ध तुला एक अक्षर लिहिले नाही. आज लिहिते.

गोपिका आली. अंगावर कोणती साडी? मी दिलेली, शिवलेली, निंदणाच्या चिखलाचा डाग असलेली. माझ्याकडे साहेब जेवायला येणार आणि ही अशी! मी तिला प्रेमानेच सांगितले की तू आतच बस, पाहुण्यांसमोर येऊ नकोस. "आतच बसते," म्हणाली. सकाळी सत्या माझ्याकडे न बघता नमस्कार करून बाहेर पडली. तरी मी तिला अडवले नाही. स्वयंपाक गोपिकाने केला आणि तो चांगला झाला होता, हे मी खोटे बोलणार नाही.

पाने मांडली आणि तेवढ्यात कुसुमताईंकडून निरोप आला की त्यांच्या चुलत सासऱ्यांचे सुतक आले. पाचातली एक सवाष्ण गेली! आपल्याकडे पाच म्हणजे पाच, चारांवर नैवेद्य दाखवता येत नाही. महालक्ष्म्या उभ्या, साहेब बाहेर बसलेले, आणि मी गल्लीभर माणसे पाठवून राहिले. एरवी ज्यांच्या तोंडून शब्द निघत नाही, त्या तुझ्या भाऊजींनी सगळ्यांदेखत तोंड उघडले. म्हणाले, "आत सवाष्ण बसली आहे ना."

झाले. ती आली तशीच, त्याच साडीत, हाताला पुरण. पुष्पलताबाईंच्या शेजारच्या पाटावर बसली. सवाष्णीचे पाय यजमानिणीने धुवायचे असतात, ते काही मला चुकत नव्हते. महादेव, मी त्या पुष्पलताबाईंचे पाय धुतले, आणि मग तुझ्या बायकोचे धुतले. तिच्या टाचांच्या भेगा माझ्या बोटांना टोचत होत्या. ती वरून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणते, "सावकाश शोभाताई, रफ आहेत."

पुष्पलताबाईंनी विचारले, ह्या कोण? मी काही बोलणार तोच ही म्हणाली, "मी ह्यांच्या सख्ख्या भावाची बायको. चहा देते ती गावाकडची मुलगी माझी लेक, ह्यांची भाची." पुष्पलताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी हळद-कुंकवाचे तबक शोधत होते. ते माझ्या हातातच होते.

पुढे नाव घ्यायची वेळ आली. सगळ्यांनी देवाधर्माची, फुलांची, चांदीच्या ताटाची नावे घेतली. हिने काय घ्यावे?

"रफ लुगडं, रफ बोली, रफ माझे हात,
महादेवरावांच्या बहिणीनं वाढला साजूक तुपाचा भात."

सगळ्या हसल्या. पुष्पलताबाईंनी रफ म्हणजे काय ते विचारले, आणि जेवण संपेपर्यंत तिने एकेक करून सगळे सांगितले. साबण, तांदूळ, विहिरीचे पाणी, बोळातला बिछाना. अगदी गोड आवाजात, मधून मधून "आमच्या शोभाताईंची शिस्तच तशी" असे म्हणत. दुसऱ्यांदा पुरणपोळी मागून घेतली आणि सवाष्णीला नाही म्हणता येत नाही म्हणून मीच वाढली. मग ही हात धुवायला आत आली तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडले, "काहून वं, माह्या घरी येऊन माही अब्रू घेऊन राहिली?" माझे ते बोलणे पुष्पलताबाईंनी ऐकले. ह्यांच्या साहेबांनी ऐकले.

जाताना पुष्पलताबाई मला म्हणाल्या, "शोभाताई, पुढच्या वेळी आम्हाला चहा रफ कपातलाच द्या हं."

तू तुझ्या बायकोला जाब विचार. माझ्या आईबापाच्या घरची म्हणून मी तुझ्याकडे न्याय मागते.

तुझी
शोभाताई

——

खैरगाव
१६ सप्टेंबर १९७१

(बाबा सांगतात तसंच लिहायचं, असं त्यांनी सांगितलं आहे. देवकी.)

ताई, तुहं पत्र भेटलं. गोपिकानं घरी येऊन मले यातलं काहीच सांगितलं नोतं. महालक्ष्म्या चांगल्या झाल्या, येवढंच म्हणे. तुह्या पत्रावरूनच समदं समजलं. उखाणा मी देवकीले दोनदा वाचाले लावला. धोंडबालेही ऐकवला.

जाब विचार म्हणते, तं विचारला. म्हटलं, पोरगी बोळात निजत होती हे मले काहून नाही सांगितलं? तं ती म्हणे, नऊ म्हयने झाले, पत्र वाचून दाखवलं होतं, तुमी म्हटलं मधात पडू नको. तुह्या पत्रातलं हवेशीर मले तवा हवेशीरच वाटलं होतं.

न्याय मागतेस तं काय देऊ? तू माही मोठी बहीण हायेस. तुले बोलाले माही जीभ उठत नाही. पण लेक माही हाये. राग आला मले, ताई. लय आला.

महादेव

——

महाल, नागपूर
१ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. गोपिका हिस आशीर्वाद.

झाले ते झाले. मी मनात काही ठेवत नाही. ह्यांची बढती या वर्षी राहिली, त्याबद्दलही मी कोणाला काही म्हणत नाही.

सत्या टेलिफोनमध्ये लागली, हे तुला तिने कळवलेच असेल. मुलाखतीत म्हणे तिला विचारले, लाइन खराब असली तर तुझा आवाज पलीकडे जाईल का? हिने तिथल्या तिथे असा आवाज काढला की दाराबाहेरचा शिपाई धावत आत आला. तो आपल्याच काटोलकडचा, तिला म्हणाला, "बाई, गावाची आठवण झाली." लगेच घेतले. आवाज मुळात आमच्या घराण्याचाच आहे. मी सगळ्यांना सांगते, माझी सख्खी भाची टेलिफोन ऑपरेटर आहे. गल्लीत दोघी-तिघींना खरेच वाटेना, म्हणून तिला म्हटले, डबा घेऊन जाताना जरा पुढच्या दाराने जात जा.

पण बघ, माणसाचे मन! पहिल्याच आठवड्यात तिने नोकरदार मुलींच्या होस्टेलात जागा घेतली. मी तिला पुढची खोली देते म्हटले, गोधडी देते म्हटले. "नको आत्या," एवढेच म्हणाली. नमस्कार केला आणि गेली. मुलींना पंख फुटले की असे होते.

माझी कंबर हल्ली धरते. रुखमाबाईला निरोप पाठवला, तर तिने सांगितले की कपांचे कान तुटतील. एका महिन्यात घराची पार दशा झाली आहे. म्हणून लिहिते, देवकी आता मोठी झाली. तिलाही शहराचे वळण लागायला हवे, शाळाही इथल्या चांगल्या. तिला दिवाळीनंतर पाठवून दे. यावेळी बिछाना आतच घालीन. महादेवला तू सांगितलेस तर तो ऐकेल.

तुझी
शोभाताई

——

खैरगाव
७ ऑक्टोबर १९७१

ती. सौ. शोभाताईंना नमस्कार.

देवकीला पाठव म्हणता. नाही, शोभाताई.

तुम्हाला नाही म्हणायची माझी ही पहिलीच वेळ, म्हणून कागदावर ते जरा उघडं दिसतं आहे. इतके दिवस मी तुम्हाला टोमणे मारून पत्रं लिहिली. सत्या तुमच्या घरात होती. सरळ लिहिलं असतं तर तुमचा राग तिच्या ताटात पडला असता. आता ती तिथे नाही, तेव्हा सरळ लिहिते. मला तुमचा राग आला होता आणि अजून गेलेला नाही. माझी लेक थंडीत बोळात निजली, चादर दुहेरी करून निजली, आणि तुमच्या घरात गोधडी रिकाम्या पलंगावर पडून होती. ते पत्र वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही. तुमच्या पायांना हात लावून मी आजवर नमस्कार करत आले, यापुढेही करीन, पण हे मी विसरणार नाही.

देवकी इथली शाळा संपवील आणि मग सत्याजवळ राहील. सत्या खोली शोधते आहे. तुम्ही बाई ठेवा. ती संध्याकाळी तिच्या घरी गेली तर जाऊ द्या, आणि तिच्या हातून कप फुटला तर फुटू द्या.

आता दिवाळीचं. भाऊबीजेला तुम्ही यायचं आहे. तुमचे भाऊ नरखेडच्या स्टँडवर बैलगाडी घेऊन थांबतील. त्यांना वाटतं, तुम्ही रागावून येणार नाही. मी म्हटलं, येतील, माहेर आहे. पुढच्या खोलीतला पलंग तुमच्यासाठी काढला आहे, गादीत नवीन कापूस भरून घेतला. सकाळी उठायची घाई करू नका, पाणी तापलं की देवकी हाक मारील. सवयीनं तुम्ही चुलीकडे याल, तर मी तुम्हाला पाटावरून उठू देणार नाही. इथं तुम्ही काडी उचलायची नाही. तुम्ही या घरची लेक आहात, शोभाताई. लेक घरात राहायला आली की तिला कसं ठेवतात, ते चार दिवस राहून बघून जा.

तुमची
गोपिका